गोपाळ गणेश आगरकर

गोपाळ गणेश आगरकर (१४ जुलै १८५६ – १७ जून १८९५) हे मराठी निबंधकार, पत्रकार, शिक्षक व समाजसुधारक होते. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात बुद्धिप्रामाण्याचा आग्रह त्यांच्याइतक्या निर्भयपणे क्वचितच कोणी धरला असेल.

त्यांचा जन्म कराडजवळील टेंभू येथे झाला. घरच्या दारिद्र्यामुळे शिक्षणात वारंवार खंड पडला. अखेर वऱ्हाडात अकोल्यास राहून १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले व पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. १८८१ मध्ये ते ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणी टिळकांसह त्यांनी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. मतभेदांमुळे ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला. १८९२ पासून अखेरपर्यंत ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते.

ईश्वरविषयक विचार

मिल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा आगरकरांवर खोल ठसा होता. ईश्वर सर्वशक्तिमान असून पूर्ण दयाळूही आहे, हे जगातील दुःखाशी जुळत नाही, असे मिलच्या १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक निबंधांत प्रतिपादन आहे. याच्या शेजारीच दुसरा जुना पेच आहे. सर्वज्ञ ईश्वराला उद्याची घटना आजच निश्चित ठाऊक असेल, तर ती तो बदलू शकतो काय? बदलली तर ज्ञान चुकले. बदलता येत नसेल तर सामर्थ्य अपुरे. ईश्वर कालातीत आहे, त्याला ‘उद्या’ नाहीच, असे उत्तर आस्तिक देतात. पण मग कालातीत ईश्वर नवसाला पावतो कसा, हे सांगणे त्यांना जड जाते.

आगरकर अज्ञेयवादी होते. विश्वाचे आदिकारण मानवी बुद्धीच्या आटोक्यात येत नाही, तेव्हा त्याला गुण चिकटवून त्यांवर आचारधर्म उभारणे त्यांना अमान्य होते. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात त्यांनी देवकल्पनांचा उगम मनुष्याच्या मनातच शोधला. प्रार्थना समाजाच्या एकेश्वरवादी सुधारकांपासून ते येथे वेगळे पडतात. हा वाद त्यांच्यासाठी केवळ तर्काचा नव्हता. बालविधवेचे वैधव्य ईश्वरी इच्छा किंवा प्रारब्ध मानले, की केशवपनासारख्या रूढीचा दोष कोणाकडेच राहत नाही. रूढी माणसांनी घातल्या, माणसांनीच त्या मोडाव्यात, ही त्यांची भूमिका होती.

या मतांमुळे ते हयात असतानाच पुण्यात विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. पत्नी यशोदाबाई मात्र श्रद्धाळू होत्या. त्यांच्यावर आपली मते आगरकरांनी लादली नाहीत. दम्याच्या विकाराने वयाच्या ३९व्या वर्षी त्यांचे पुण्यात निधन झाले.