पहिल्या संघाने निवडून बाकावर बसवलं, दुसऱ्याने ४ हजार डॉलरमध्ये उचललं. पुढे तोच पोरगा बेसबॉलचा दिग्गज झाला

नोव्हेंबर १९५२. प्युर्तो रिकोची राजधानी सॅन हुआन. सिक्स्टो एस्कोबार स्टेडियमवर सकाळपासून पोरांची गर्दी जमली होती. कुणाच्या हातात फाटका ग्लोव्ह, कुणाच्या पायात उधारीवर आणलेले बूट. कारणही तसंच होतं. अमेरिकेतल्या ब्रुकलिन डॉजर्स या तगड्या संघाचा स्काऊट अल कॅम्पानिस तिथे पोरं निवडायला आला होता.

आपल्याकडे क्रिकेटच्या निवड चाचणीला नेट्समध्ये चार-सहा बॉल टाकायला मिळतात आणि तेवढ्यात नशीब ठरतं, अगदी तसाच हा प्रकार. आधी बॉल फेकून दाखवायचा, मग पळून दाखवायचं. त्यात जो आवडेल त्यालाच बॅट हातात मिळणार. बाकीच्यांनी आभार मानून घरी जायचं.

त्या गर्दीत १८ वर्षांचा एक शाळकरी पोरगा होता. नाव रॉबर्टो क्लेमेंटे.

त्याने आउटफिल्डमधून बॉल फेकला आणि कॅम्पानिसचे डोळे विस्फारले. मग ६० यार्ड म्हणजे साधारण ५५ मीटर पळायचं होतं. क्लेमेंटे ६.४ सेकंदात पोहोचला. घड्याळ चुकलं असेल म्हणून कॅम्पानिसने त्याला पुन्हा पळायला लावलं. पुन्हा तेच. आजही अशा चाचण्यांमध्ये हे अंतर ७ सेकंदांच्या आत कापणारा पोरगा स्काऊटच्या नजरेत भरतो. त्यावरून ६.४ म्हणजे काय, याचा अंदाज येईल.

मग बाकीच्यांना घरी पाठवून त्या एकट्याला बॅटिंग दिली. प्लेटपासून लांब उभं राहायची त्याची सवय बघून बाहेरचे बॉल टाकायला सांगितले. पठ्ठ्याने तेही चौफेर मारले. कॅम्पानिसने आपल्या अहवालात त्याला भरभरून गुण दिले.

पण गंमत म्हणजे ज्या संघाने हा हिरा शोधला, त्या संघासाठी तो एकही मोठा सामना खेळला नाही. असं का झालं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

उसाच्या फडातून मैदानात

रॉबर्टोचा जन्म १८ ऑगस्ट १९३४ चा. गाव कॅरोलिना, सॅन हुआनच्या शेजारचं. वडील मेल्चोर उसाच्या फडावर मुकादम. सात भावंडांत हा शेंडेफळ. सायकल घ्यायची म्हणून हा लहानपणी पहाटे उठून शेजाऱ्यांचे दुधाचे कॅन वाहायचा आणि पैसे साठवायचा.

बेसबॉलचं वेड भयंकर. खरा बॉल परवडायचा नाही, मग चिंध्या आणि सुतळी गुंडाळून बॉल करायचा. शाळेत तो भालाफेक करायचा. त्याच्या खांद्यातली ताकद तिथूनच आली असं पुढे अनेक जण सांगायचे.

रॉबर्टो मारीन नावाच्या शिक्षकाने त्याला रस्त्यावर खेळताना बघितलं आणि सॉफ्टबॉलच्या संघात घेतलं. पुढे मारीननेच सांतुर्से या व्यावसायिक संघाचे मालक पेड्रिन झोरिल्ला यांना त्याच्याबद्दल सांगितलं. ऑक्टोबर १९५२ मध्ये सांतुर्सेने त्याला आठवड्याला ४० डॉलरवर घेतलं. डॉजर्सची चाचणी झाली ती त्यानंतर महिनाभरात.

पण नियम असा होता की शाळा पूर्ण झाल्याशिवाय पोराला करारबद्ध करता येत नाही. त्यामुळे कॅम्पानिसला हात चोळत परत जावं लागलं.

१० हजार डॉलर आणि एक मेख

तेव्हा आजच्यासारखा हौशी खेळाडूंचा ड्राफ्ट नव्हता. ज्याने आधी गाठलं आणि जास्त पैसे दिले, त्याचा खेळाडू. साहजिकच क्लेमेंटेच्या मागे बरेच संघ लागले. फेब्रुवारी १९५४ मध्ये डॉजर्सने १० हजार डॉलर बोनस देऊन त्याची सही घेतली. ५ हजार पगार वेगळा. दुसऱ्या एका संघाने या बोनसच्या दुपटीहून जास्त रक्कम पुढे केली होती, पण डॉजर्सला शब्द दिलाय म्हटल्यावर आईने तो मोडू दिला नाही, असं सांगितलं जातं.

आता खरी मेख इथे आहे. श्रीमंत संघांनी पैशाच्या जोरावर सगळी चांगली पोरं गोळा करून ठेवू नयेत, म्हणून बेसबॉलमध्ये एक नियम होता. नवख्या खेळाडूला ४ हजार डॉलरपेक्षा जास्त बोनस दिला, तर त्याला थेट मुख्य संघात ठेवायचं. मायनर लीगमध्ये पाठवलं, तर हंगाम संपल्यावर दुसरा कुठलाही संघ त्याला ड्राफ्टमध्ये उचलू शकतो. तेही फक्त ४ हजार डॉलरमध्ये.

डॉजर्सचा संघ तेव्हा ताऱ्यांनी भरलेला. त्यात १९ वर्षांच्या पोराला जागा कुठून देणार? त्यांनी क्लेमेंटेला कॅनडातल्या मॉन्ट्रियल रॉयल्स या आपल्या मायनर लीगच्या संघात पाठवलं.

लपवलं की नाही लपवलं?

इथून पुढची गोष्ट अमेरिकेत वर्षानुवर्षं सांगितली जाते. दुसऱ्या संघांच्या नजरेत येऊ नये म्हणून डॉजर्सने क्लेमेंटेला मुद्दाम बाकावर बसवलं. चांगला खेळला की बाहेर, वाईट खेळला की आत.

गोष्ट ऐकायला भारी आहे. पण नंतर काही अभ्यासकांनी त्या हंगामाचे सामने एकेक करून तपासले, तेव्हा यातले काही किस्से घडलेलेच नाहीत असं दिसलं. सुरुवातीला त्याला खूप कमी खेळवलं हे खरं. पण हंगामाच्या उत्तरार्धात डावखुऱ्या पिचरविरुद्ध तो बऱ्यापैकी नियमित खेळला. आकडे बघितले तर ८७ सामने आणि सरासरी .२५७. म्हणजे कागदावर बघणाऱ्याला हा पोरगा साधाच वाटला असता.

क्लेमेंटेसाठी मात्र ते वर्ष फार वाईट गेलं. इंग्रजी धड येत नाही, मॉन्ट्रियलमध्ये लोक फ्रेंच बोलतात आणि आपण का खेळत नाही हे कुणी सांगत नाही. सगळं सोडून घरी जावं, इथपर्यंत त्याच्या मनात आलं होतं.

आला दुसऱ्याला बघायला, बघून गेला याला

पिट्सबर्ग पायरेट्स हा तेव्हा लीगमधला सगळ्यात ढिसाळ संघ. १९५४ मध्ये तो शेवटून पहिला आला. पण त्यांच्याकडे ब्रँच रिकी हे डोकं होतं. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवून बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणारे ते हेच रिकी. तेव्हा ते डॉजर्समध्ये होते.

रिकींनी क्लाईड सुकफोर्थ या स्काऊटला मॉन्ट्रियलचा पिचर जो ब्लॅकला बघायला पाठवलं. सुकफोर्थ सामन्याआधीच मैदानात जाऊन बसला. सराव चालू होता. राईट फिल्डमधून एक पोरगा बॉल फेकत होता आणि सुकफोर्थची नजर तिथून हलेना. मग त्याची बॅटिंगची प्रॅक्टिस बघितली. त्याने जो ब्लॅकचा नाद सोडला आणि या पोराची माहिती काढली. तो ड्राफ्टमध्ये उपलब्ध आहे हे कळल्यावर तर प्रश्नच मिटला.

म्हणजे जे सॅन हुआनमध्ये कॅम्पानिसला दिसलं, तेच सुकफोर्थला दिसलं. सामन्यात खेळवलं नाही तरी सरावात खांदा लपवता येत नाही.

शेवटच्या नंबरवर आलेल्या संघाला ड्राफ्टमध्ये पहिली संधी मिळते. २२ नोव्हेंबर १९५४ ला पायरेट्सने ४ हजार डॉलर मोजून क्लेमेंटेला नेलं. पुढच्या वर्षी १७ एप्रिलला तो पहिला मोठा सामना खेळला. समोर होता ब्रुकलिन डॉजर्स.

३ हजार हिट आणि नावाची लढाई

पुढची १८ वर्षं तो एकाच संघाकडून खेळला. १९६० आणि १९७१ ला वर्ल्ड सिरीज जिंकली. या दोन्ही सिरीजच्या सातही सामन्यांत त्याने किमान एक हिट मारला. चार वेळा लीगमधली सगळ्यात जास्त सरासरी त्याची होती. १९६६ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू, तर फिल्डिंगसाठी सलग १२ गोल्ड ग्लोव्ह.

पण ही वाट सोपी नव्हती. तो काळा होता आणि स्पॅनिश बोलणाराही. दक्षिणेतल्या सराव शिबिरात काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या हॉटेलात राहता यायचं नाही. पत्रकार त्याचं मोडकं इंग्रजी जसंच्या तसं छापून चेष्टा करायचे. १९५४ च्या हिवाळ्यात झालेल्या कार अपघातापासून त्याची पाठ दुखायची, तर त्याला नाटकी म्हणायचे. त्याच्या परवानगीशिवाय त्याचं बॉबी असं बारसंही करून टाकलं. तो मात्र आपलं नाव रॉबर्टो आहे हे शेवटपर्यंत ठणकावून सांगत राहिला. १९७१ ची वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर सगळी अमेरिका टीव्हीवर बघत असताना तो आधी आपल्या आईवडिलांशी बोलला. तेही स्पॅनिशमध्ये.

३० सप्टेंबर १९७२ ला त्याने ३ हजारावा हिट मारला. साखळी सामन्यांमधला तो त्याचा शेवटचा हिट ठरला.

३१ डिसेंबरची रात्र

त्याच नोव्हेंबरमध्ये तो प्युर्तो रिकोच्या हौशी संघाचा मॅनेजर म्हणून निकाराग्वाला गेला होता. हौशी पोरांबद्दल त्याला विशेष आपुलकी. ऑफ सीझनमध्ये तो गरीब मुलांसाठी मोफत शिबिरं घ्यायचा. आपल्या बेटावर अशा मुलांसाठी एक क्रीडानगरी उभारायचं त्याचं स्वप्न होतं.

२३ डिसेंबरला निकाराग्वाची राजधानी मनाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. क्लेमेंटेने मदत गोळा करायला सुरुवात केली. पण पाठवलेलं सामान लोकांपर्यंत न पोहोचता तिथल्या सोमोझा सरकारचे सैनिक हडप करतात असं त्याच्या कानावर आलं. आपण स्वतः गेलो तर कुणाची हिंमत होणार नाही, असं त्याला वाटलं.

३१ डिसेंबरच्या रात्री तो एका जुन्या डीसी-७ विमानात बसला. विमानात क्षमतेपेक्षा जास्त सामान भरलेलं. सॅन हुआनहून उड्डाण केल्यावर काही मिनिटांत ते समुद्रात कोसळलं. पाचही जण गेले. क्लेमेंटेचा मृतदेह कधीच सापडला नाही. त्याचा संघमित्र मॅनी सँगियेन त्याला शोधायला पाणबुड्यांसोबत स्वतः समुद्रात उतरला होता. क्लेमेंटे तेव्हा ३८ वर्षांचा होता. मागे पत्नी व्हेरा आणि तीन लहान मुलं.

हॉल ऑफ फेममध्ये जाण्यासाठी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. क्लेमेंटेसाठी हा नियम बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्याला हा मान देण्यात आला. तिथे पोहोचलेला तो पहिला लॅटिन अमेरिकन खेळाडू. समाजासाठी काम करणाऱ्या खेळाडूला दरवर्षी त्याच्या नावाने पुरस्कार मिळतो.

अमेरिकेत १९६५ पासून हौशी खेळाडूंचा ड्राफ्ट सुरू झाला. आजही त्याआधी पोरांच्या चाचण्या होतात. ६० यार्ड पळवतात, बॉल फेकायला लावतात, आता तर सगळं मशीनने मोजतात. पाय आणि खांदा कॅम्पानिसलाही दिसला, सुकफोर्थलाही दिसला. पण हा पोरगा एक दिवस दुसऱ्याच्या देशातल्या लोकांसाठी अन्नाच्या पोत्यांसोबत विमानात बसेल, हे मोजायचं घड्याळ कुणाकडेच नव्हतं.