थॉमस मिजली

थॉमस मिजली (१८ मे, १८८९ – २ नोव्हेंबर, १९४४) हे अमेरिकन यांत्रिक अभियंता व रसायनशास्त्रज्ञ होते. शिसेयुक्त पेट्रोल आणि फ्रेऑन हे प्रशीतक या त्यांच्या दोन शोधांचा मोटार उद्योगावर दूरगामी परिणाम झाला. दोन्ही शोध पुढे घातक ठरले.

जीवन

मिजली यांचा जन्म पेन्सिल्व्हेनिया राज्यातील बीव्हर फॉल्स येथे झाला. १९११ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाची पदवी मिळवली. १९१६ पासून ते डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. ही प्रयोगशाळा पुढे जनरल मोटर्समध्ये समाविष्ट झाली.

शिसेयुक्त पेट्रोल

डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राइथिल लेड मिसळलेल्या पेट्रोलमुळे इंजिनातील ठोके थांबतात, असे मिजली यांना आढळले. या रसायनाच्या निर्मितीत अनेक कामगार विषबाधेने दगावले. स्वतः मिजली यांनाही शिशाची बाधा झाली होती. तरीही १९२४ मध्ये पत्रकारांसमोर त्यांनी ते हातावर ओतून निर्धोक असल्याचे सांगितले.

फ्रेऑन

त्या काळी शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड व मिथिल क्लोराइड वापरत. गळती झाल्यास हे वायू जीवघेणे ठरत. १९२८ मध्ये मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी डायक्लोरोडायफ्लुओरोमिथेन (आर-१२) हा पर्याय शोधला. १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि मेणबत्तीवर सोडून ती विझवली. वायू विषारी नाही व पेट घेत नाही, या दोन्ही गोष्टी त्यातून दिसल्या.

मोटारीतील वातानुकूलन व चाचणी

बंदिस्त मोटारीत प्रवाशांजवळ वापरता येईल असे प्रशीतक यामुळे उपलब्ध झाले. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मोटारींत वातानुकूलन यंत्रणा दिली. अशा यंत्रणेची कार्यक्षमता तपासताना कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा दाब आणि झरोक्यातून येणाऱ्या हवेचे तापमान मोजतात. आर-१२ ची गळती शोधण्यासाठी विशिष्ट दिवा वापरत. वायूतील क्लोरीनमुळे तापलेल्या तांब्याजवळची ज्योत हिरवी होई.

अखेरचा काळ

१९४० मध्ये पोलिओमुळे मिजली यांना अपंगत्व आले. अंथरुणातून उठण्यासाठी त्यांनी दोऱ्या व कप्प्यांची यंत्रणा तयार केली. तिच्याच दोऱ्यांत गुरफटून गळफास बसल्याने वर्दिंग्टन येथे त्यांचा मृत्यू झाला.

परिणाम

हा वायू माणसाला अपाय करतो का, याची चाचणी झाली होती. वातावरणात त्याचे काय होते, हे तपासले गेले नव्हते. १९७४ मध्ये मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी अशा वायूंतील क्लोरीन ओझोन थराचा नाश करू शकतो, असे दाखवले. गळतीची खूण पटवणारा घटकच घातक ठरला. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार या वायूंवर टप्प्याटप्प्याने निर्बंध आले. मोटारींत क्लोरीनरहित आर-१३४ए वापरात आले; मात्र तेही तापमानवाढीस हातभार लावते. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये बंद झाली.