भगवानदादा

करी रोड, लालबाग, परळ हा एके काळी मुंबईतील कापडगिरण्यांचा मुलूख. तेथील कष्टकऱ्यांचे लाडके नट म्हणजे भगवान आभाजी पालव. त्यांचा जन्म १९१३ सालचा. वडील गिरणी कामगार होते. मूकपटांच्या काळातच भगवान चित्रसृष्टीत शिरले. १९५१ साली त्यांचा ‘अलबेला’ झळकला आणि त्यांच्या संथ, ठुमकत्या नाचाने लोकांना वेड लावले. बंगला आला, मोटारी आल्या. पण पुढील चित्रपट पडले आणि सारे वैभव ओसरले. दादरच्या चाळीत राहून ते मिळतील त्या लहानसहान भूमिका करू लागले.

इतर कलावंतांचे गौरव दूरचित्रवाणीच्या पडद्यावर होत. भगवानदादांचा रस्त्यावर होई. गणेशविसर्जनाची मिरवणूक त्यांच्या चाळीपाशी हटकून थांबे. ‘अलबेला’ची धून वाजे आणि वृद्ध दादा जुन्याच डौलाने पावले टाकीत. ४ फेब्रुवारी २००२ रोजी ते निवर्तले.