हेन्री लेलँड : मापाला पक्का माणूस

हेन्री लेलँड यांचा जन्म १८४३ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात झाला. तरुणपणी ते बंदुकांच्या कारखान्यात कामाला लागले. एका बंदुकीचा भाग दुसरीला जसाच्या तसा बसलाच पाहिजे, हा तिथला धडा. पुढे मोजमापाची साधने बनवणाऱ्या ब्राऊन अँड शार्प कंपनीत इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायची त्यांना सवयच लागली.

त्या काळी मोटारीचे भाग कानशीने घासूनघासून एकमेकांना बसवत. म्हणजे एका गाडीचा भाग दुसरीला बसेलच, याचा भरवसा नाही! कॅडिलॅक मोटारी बनवताना लेलँडना हे अजिबात चालेना. मापात नाही, तो भाग बाद.

खरी परीक्षा झाली १९०८ साली इंग्लंडमध्ये. रॉयल ऑटोमोबाइल क्लबने ब्रुकलँड्सला तीन कॅडिलॅक पार सुट्या केल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग! सगळे एकमेकांत मिसळले. वर ८९ भाग काढून घेतले आणि विक्रेत्याकडचे नवे दिले. आता या ढिगातून तीन गाड्या जोडायच्या, पण कानस लावायची नाही. एखादा भाग जरी अडला असता, तरी सगळ्यांदेखत नाचक्की होती. गाड्या जोडल्या गेल्या. रंग इकडचे तिकडे झालेले, दिसायला अगदी गमतीशीर. पण तिन्ही पाचशे मैल धावल्या. कॅडिलॅकला मानाची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. तेव्हा लेलँड पासष्ट वर्षांचे होते.

हा भाग शिकवताना मी मुलांना एकाच प्रकारच्या पेनांची टोपणं अदलाबदल करायला देते. घरीही करून बघता येईल.