गाविलगडाचा राखणदार

वऱ्हाडच्या उत्तरेस मेळघाटचे अरण्य पसरले आहे. सिपना नदीच्या काठचे सेमाडोह हे या अरण्यातील एक लहानसे गाव. तेथून चिखलदऱ्याच्या बाजूस चढत गेले असता, सातपुड्याच्या माथ्यावर गाविलगडाचे भग्न तट दृष्टीस पडतात. हा किल्ला बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ साली बांधविला. परंतु त्याची डागडुजी करून त्याला नवे बळ देणारा पुरुष म्हणजे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क हा होय.

फत्तेउल्ला मूळचा विजयनगरच्या राज्यातला. एका हिंदू कुळात त्याचा जन्म झाला. बालपणीच तो युद्धात बहमनी सैन्याच्या हाती सापडला आणि आईबाप, भाषा व धर्म यांना अंतरला. वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरी तो लहानाचा मोठा झाला. परक्या मुलखात आलेल्या या पोरक्या मुलाने शौर्य आणि निष्ठा यांच्या बळावर सैन्यात नाव मिळविले. बहमनी राज्याचा थोर वजीर महमूद गवान याने त्याचे गुण हेरले. पुढे गवानाने प्रांतांची नवी रचना केली, तेव्हा वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन भाग झाले. त्यांपैकी गाविल फत्तेउल्लाकडे आला.

अशा वेळी १४८१ साली एक भयंकर घटना घडली. गवानाच्या कडक शिस्तीने दुखावलेल्या सरदारांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या सेवकाला फितवले आणि कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. मग त्या कागदावर, ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारे खोटे पत्र लिहिण्यात आले. शिक्का खरा होता. मजकूर मात्र खोटा होता. सुलतान मुहम्मदशहाने शिक्का पाहिला, शहानिशा केली नाही आणि निरपराध वजिराचा शिरच्छेद करविला. पुढे सत्य उमगले, तेव्हा सुलतानास पश्चात्ताप झाला. पण गेलेला माणूस परत कसा यावा?

या वधाचा अर्थ फत्तेउल्लाने अचूक ओळखला. जेथे शिक्का चोरला जातो, तेथे कोणाचेच मस्तक सुरक्षित नाही, हे जाणून तो दरबारापासून दूर राहू लागला. आपल्या प्रांताच्या रक्षणाकडे त्याने सारे लक्ष वळविले. अकोल्याच्या उत्तरेस असलेल्या नरनाळा किल्ल्याचा सुंदर महाकाली दरवाजा १४८७ साली उभा राहिला. पुढील वर्षी गाविलगडाची दुरुस्ती झाली. गाविलगडाच्या तीन बाजूंना खोल दऱ्या आहेत. उत्तरेची बाजू मात्र पठाराशी जोडलेली आहे. म्हणून त्या बाजूस एकाच्या आत दुसरा असे तट आहेत. बाहेरचा तट पडला, तरी आतल्या तटाने शत्रूला थोपवावे, हा त्या रचनेमागील विचार होय.

१४९० साली फत्तेउल्लाने स्वतंत्र राज्याची घोषणा केली. अचलपूर ही त्याची राजधानी झाली. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड या दोन मुखांच्या पक्ष्याचे चिन्ह कोरलेले आहे. हे चिन्ह कर्नाटकातील. हरवलेल्या जन्मभूमीची ती आठवण असावी, असे काही अभ्यासक मानतात. १५०४ च्या सुमारास फत्तेउल्ला मरण पावला.

त्याने तट बळकट केले. परंतु तट बाहेरच्या शत्रूलाच अडवितात. पुढे त्याच्याच वंशातील बुऱ्हाण हा अल्पवयीन राजा गादीवर असताना, तुफालखान या कारभाऱ्याने सत्ता बळकावली आणि राजाला नरनाळ्यावरच कैदेत टाकले. रक्षणासाठी बांधलेला किल्ला धन्याचाच तुरुंग बनला! १५७४ साली अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड जिंकले. गाविलगडालाही पुढे असाच कठीण प्रसंग आला. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी बाहेरचा तट तोफांनी फोडला. त्यांची एक तुकडी आतल्या तटावर शिड्या लावून चढली व तिने दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता धारातीर्थी पडला.

आज बँका, रुग्णालये आणि वीजकेंद्रे यांचा कारभार संगणकांच्या जाळ्यावर चालतो. तेथे दगडी तट नाहीत. तथापि रक्षणाचे नियम फारसे बदललेले नाहीत. फायरवॉल हा बाहेरचा तट होय. त्याच्या आतही प्रत्येक दालनाला वेगळे कुलूप असावे लागते. कोण केव्हा आत आला, याची नोंद यंत्र ठेवते आणि अवेळी अथवा अनोळखी ठिकाणाहून कोणी शिरू लागल्यास पहारेकऱ्यांना सावध करते. परवलीचा शब्द हा आजचा शिक्काच आहे. तो चोरून कोणी आपल्या नावाने खोटा संदेश धाडू शकतो. म्हणून केवळ शिक्क्यावर विसंबून न राहता, दुसऱ्या मार्गाने खात्री करून घ्यावी लागते. आतल्या माणसालाही त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा लागतो.

महमूद गवानाचा घात तटाला भगदाड पडून झाला नाही. एका न तपासलेल्या कागदाने झाला. फत्तेउल्लाने हा धडा घेतला आणि तो सावध राहिला. त्याच्या वारसांच्या हाती बळकट किल्ले आले. ती सावधता मात्र आली नाही. किल्ले वारशाने मिळतात, जागरूकता प्रत्येक पिढीला स्वतः कमवावी लागते.