विल्यम ब्लॅन्फर्ड आणि ज्वारीएवढा शंख

पावसाळ्यात ओला पाचोळा हलक्या हाताने बाजूस सारला, तर बोटाच्या टोकावर मावेल एवढा एखादा शंख दृष्टीस पडतो. तो गोगलगायीचा असतो. अशा क्षुद्र वस्तूचाही ज्यांनी जन्मभर आदर केला, त्या विल्यम टॉमस ब्लॅन्फर्ड यांचे चरित्र मोठे बोधप्रद आहे.

त्यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८३२ रोजी लंडन येथे झाला. वडील कारखानदार, म्हणून मुलासही प्रथम व्यापारात घालण्यात आले. इटलीतील एका पेढीवर दोन वर्षे काढल्यावर त्यांनी खाणविद्येचे शिक्षण घेतले आणि १८५५ साली ते भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. पुढे रानोमाळ हिंडून त्यांनी हा देश पायाखाली घातला. आपल्या भोपाळच्या दक्षिणेस वाहणारी नर्मदा व तिच्यापलीकडील तापी यांच्या खोऱ्यांतील खडकांचे त्यांनी केलेले वर्णन १८६९ साली प्रसिद्ध झाले.

खडक तपासणे हे नोकरीचे काम; गोगलगायी वेचणे हा मात्र स्वतःचा छंद. लहान शंख ओळखणे सोपे नसते. वेढे किती, तळाशी नाभीसारखा खळगा आहे की नाही, मुखाची कड पातळ की जाड, वळण उजवे की डावे, हे सारे भिंगातून पाहावे लागते. पिल्लाच्या शंखाचे वेढे कमी असतात व कडही पुरती घडलेली नसते. त्यामुळे ती निराळीच जात वाटून फसगत होते. अशा बारीक अभ्यासातून त्यांनी १८६३ साली ‘कॅलिएला’ ही प्रजाती स्थापन केली. तिच्यातील बराकपूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीचा निमुळता शंख ज्वारीच्या दाण्याहून मोठा नसतो.

१८८२ साली निवृत्त झाल्यावर ते भारतीय प्राण्यांवरील प्रख्यात ग्रंथमालेचे संपादक झाले. सस्तन प्राण्यांचा ग्रंथ व पक्ष्यांचे दोन खंड त्यांनी स्वतः लिहिले. अखेरीस आवडत्या गोगलगायींचा ग्रंथ हाती घेतला. परंतु २३ जून १९०५ रोजी मृत्यूने त्यांस गाठले आणि काम अर्धेच राहिले. तेव्हा काराकोरमच्या हिमनद्यांची मोजणी करणारे गॉडविन-ऑस्टिन पुढे आले. केवळ शंखावर न विसंबता आतील प्राण्याचे शरीरही तपासावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांनी तो ग्रंथ पूर्ण केला व १९०८ साली तो दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला.

विद्यार्थी मित्रहो, आपणांसही रिकामा शंख सापडला, तर त्यासोबत स्थळ व तारीख लिहून ठेवावी. आपण आरंभिलेले काम कदाचित दुसरा कोणी पुरे करील. पण त्यासाठी आपली नोंद चोख हवी.