डॉ. आनंदीबाई जोशी : परमुलखातील माहेर

वज्रेश्वरीच्या आसपास राहणाऱ्या मुलामुलींस पाहुण्यांची ओळख लहानपणापासूनच होते. देवीच्या दर्शनास आणि तानसा नदीकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांत स्नानास दूरदूरची माणसे येतात. कोणी एक रात्र राहतात, कोणी चार दिवस. त्यांचे आदरातिथ्य करणे फारसे अवघड नसते, कारण ती लवकरच परत जावयाची असतात. परंतु ज्याची भाषा, अन्न, वेष व धर्म आपल्याहून निराळा आहे, अशा अनोळखी विद्यार्थ्यास आपल्या घरी ठेवून पोटच्या लेकराप्रमाणे वागविणे ही गोष्ट सोपी नव्हे. आणि ज्याने असे राहावयाचे, त्याचीही ती कसोटीच असते. अशी कसोटी आपल्या भिवंडीच्या शेजारच्या कल्याण गावातील एका मुलीने दिली. तिचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी तिचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचा विवाह गोपाळराव जोशी या टपालखात्यातील नोकरदाराशी झाला आणि यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव तिच्याहून वीसएक वर्षांनी वडील होते. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. त्या काळी बायको शिकत नाही म्हणून रागावणारा नवरा विरळाच. परंतु त्यांची शिकविण्याची तऱ्हा कठोर होती आणि त्या बालिकेने पुष्कळ सोसले, हेही सांगितले पाहिजे. चौदाव्या वर्षी तिला पुत्र झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर कदाचित तो वाचला असता, ही सल तिच्या मनातून गेली नाही. आपल्या देशातील स्त्रियांस स्त्री डॉक्टर हवी आणि ती आपणच व्हावे, असा निश्चय तिने केला.

गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेबांस पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत साह्य मागितले. वाइल्डरसाहेबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची गोष्ट पुढे केली. जोशी दांपत्यास ती मान्य नव्हती. हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला. इ. स. १८८० मध्ये न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. सातासमुद्रापलीकडच्या एका मुलीची ज्ञानाची भूक पाहून त्यांना राहवेना. त्यांनी पत्र लिहिले, आणि आपल्या घराचे दार उघडे असल्याचे कळविले. कोणतीही अट घातली नाही.

पुढे सुमारे तीन वर्षे दोघींची पत्रे जात येत राहिली. बालविवाह, सणवार, पोशाख, औषधपाणी, धर्म असे अनेक विषय त्यांत असत. एकमेकींचे तोंड पाहण्यापूर्वीच आनंदीबाईंनी कार्पेंटरबाईंना मावशी मानले होते.

परदेशगमनास स्वकीयांचा विरोध प्रखर होता. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. ज्या विल्यम कॅरीसाहेबांनी १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ साली स्थापिलेले हे कॉलेज होय. आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार, असे त्या अठरा वर्षांच्याही न झालेल्या मुलीने भरसभेत निक्षून सांगितले. ७ एप्रिल रोजी ती कलकत्त्याहून बोटीत बसली. पती सोबत नव्हता. ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्क बंदरात ती उतरली, तेव्हा कार्पेंटरबाई तिला न्यावयास आल्या होत्या.

तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात काढला. येथे पाहुणी व यजमान या दोघांच्याही स्वभावाची परीक्षा झाली. आनंदीबाई शाकाहारी राहिल्या. त्या घराने त्याबद्दल नाक मुरडले नाही. उलट त्यांनी स्वतः रांधून तेथील मंडळींस आपल्या पद्धतीचे जेवण घातले, तेव्हा खुर्चीवर बसण्याची सवय असलेल्या त्या अमेरिकन बायका जमिनीवर पंगतीस बसल्या. आनंदीबाई मुलांमध्ये मिसळल्या, घरकामास हातभार लावू लागल्या, तेथील चालीरीती निरखू लागल्या. ज्या घरात दोन्ही बाजूंनी शिकण्याची तयारी असते, तेथे परकेपणा फार दिवस टिकत नाही.

शरद ऋतूत कार्पेंटरबाई त्यांना घेऊन फिलाडेल्फियास गेल्या. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात प्रवेश झाला. डीन रेचल बॉडलीबाई मायाळू होत्या, तरी दिवस कठीण गेले. बिऱ्हाडाच्या खोलीतील शेगडी नीट पेटत नसे; धूर सोसावा की थंडी, एवढीच निवड. नऊवारी लुगड्याने पाय पुरते झाकले जात नसत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. एवढ्याशा बदलाबद्दलही पतीच्या पत्रांतून दोष ऐकावा लागे. त्या शांतपणे उत्तर देत आणि पुन्हा पुस्तक उघडत. सुटी लागली की रोझेलचे घर होतेच. मराठी मुलीस माहेर म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. ते त्यांना हजारो कोसांवर मिळाले होते.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. समारंभास गोपाळराव आलेले होते आणि पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला होता. आनंदीबाई आपल्या धर्मातच राहिल्या होत्या. तरी दोघींच्या स्नेहास त्याची आडकाठी आली नाही.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. परंतु अमेरिकेतच क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. क्षयाचा जंतू १८८२ साली जर्मनीतील रॉबर्ट कॉख यांनी शोधून काढला होता, पण त्यावरील पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडावयास १८४३ नव्हे, तर १९४३ साल उजाडावे लागले. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बावीस वर्षे पुरी होण्यास एक महिना उरला होता. ज्या रुग्णस्त्रियांसाठी एवढा खटाटोप केला, त्यांची सेवा करण्याचा योग आला नाही.

त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविण्यात आली. न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांनी ती ठेवली आणि वर शिळा बसविली. कल्याणची ही लेक आजही त्या परक्या कुटुंबाच्या माणसांत विसावली आहे.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या शाळेत प्रत्येक मुलास ठाऊक आहे. जखमी वाटसरूस उचलताना त्या शोमरोन्याने त्याची जात अगर पंथ विचारला नाही. वाइल्डरसाहेब धर्माचे सेवक होते, तरी त्यांनी मदतीस अट जोडली. कार्पेंटरबाई साध्या गृहिणी होत्या, त्यांनी ती जोडली नाही. प्रभूच्या शिकवणुकीच्या अधिक जवळ कोण गेले, हे आम्हा ख्रिस्ती माणसांनी विशेषच मनाशी विचारावे.

पालकहो, आपली मुले शिक्षणासाठी मुंबईस, पुण्यास आणि परदेशातही जातात. कोणाचे लेकरू आपल्याही घरी शिकावयास येऊन राहते. त्याच्या ताटात वाढताना आपण त्याच्याकडून काही किंमत वसूल करीत नाही ना, हे पाहावे. आणि विद्यार्थ्यांनो, परक्या घरी राहण्याची वेळ आल्यास आनंदीबाईंकडून दोन गोष्टी घ्या : जे नवे आहे ते नम्रतेने शिकावे, आणि जे आपले आहे ते लाज न बाळगता सांभाळावे. असे वागणाऱ्यास परमुलखातही माहेर मिळते.